ओळीतली चौथी बाई

दोन हजार चोवीस साल हुतं, मी चौऱ्याऐंशीचा हुतो, आन् त्या वर्षी थंडी सरता सरता मी माझ्या आईचं तोंड बघितलं. तसं पाच वर्षांचा हुईस्तवर रोज बघतच असनार, तिच्याच कडेवर वाढलो, पन ध्यानात काय ऱ्हायलं न्हाई. तिची पाठ ध्यानात हाय. लुगड्याला येनारा कोळशाच्या धुराचा वास ध्यानात हाय. हात तर पक्के ध्यानात हायेत, काळे, तळव्याच्या रेषा बी काळ्या, त्याच हातानं भाकरी थापायची तर भाकरीवर बोटं उमटायची. पन तोंड न्हाई. जन्मभर डोळे मिटून लई जोर लावला, ताई, ती पाठमोरी बाई वळायला लागली की सगळं इझायचं. आन् फोटो कुठनं असनार? त्या काळात कोळसा भरनाऱ्या बाईचा फोटो कोन काढनार? तर काढला हुता. तेच सांगायला बसलोय.

नीट लिहून घ्या. मला शाळा दुसरीपर्यंतच हाय, पन वाचून दाखवलं की चूक कुठं हाय ते मला कळतं. नाव मारुती सखाराम. मूळ गाव खर्ड्याच्या शेजारचं, जामखेड तालुक्यातलं, पन जन्म तिथला न्हाई. जन्म कॉलरीतला, कोळशाच्या खाणीवरचा. पार तिकडं, चांद्याच्या पलीकडं, वर्धा नदीच्या काठाला. नदीच्या अल्याड इंग्रजाचं राज, पल्याड निजामाचं, मधी नुसतं सागाचं जंगल, वाघ फिरायचे, आन् त्या जंगलाच्या पोटात कोळसा. तिथं एक गाव उठवलं हुतं, गाव म्हंजे काय, चाळींच्या रांगा, एक बाजाराची मोकळी जागा, दारूचं दुकान, आन् मधोमध एक उंच लोखंडी मनोरा, त्याच्या डोक्यावर चाक. ते चाक फिरलं की तारेला लटकलेला पाळना खाली जायचा, मानसं घिऊन. पुन्यांदा फिरलं की वर यायचा, मानसं न्हाई तर कोळसा घिऊन. ते चाक मात्र माझ्या ध्यानात हाय. मला वाटायचं सूर्य त्याच चाकानं वर येतो. हसू नका, खरंच वाटायचं.

तिथं आमी गेलो कसे, तर इब्राहिममुळं. इब्राहिम हा खर्ड्याचा, बापाचा लंगोटीयार, दोघं एका नदीत पोहायला शिकलेले. तो आधी तिकडं लागला हुता. त्यानं सांगावा धाडला की ये, इथं काम हाय. म्हनून बाप आईला घिऊन निघाला, मी तवा पोटात. पोचला तर भरती बंद. हाफिसातला कारकून म्हनला, बिल्ला न्हाई तर काम न्हाई. बिल्ला म्हंजे पितळेची चकती, तिच्यावर आकडा. त्या आकड्यापुढं रजिस्टरात नाव. खाली जाताना चकती द्यायची, वर आल्यावर घ्यायची, संध्याकाळी एखादी चकती उरली तर समजायचं की मानूस खाली ऱ्हायला. तिथं मानूस म्हंजे आकडाच. चाळीतल्या खोलीवर बी तोच आकडा रंगवलेला.

तर आमी इब्राहिमच्या खोलीत ऱ्हायलो. बाप वरवरची हमाली करायचा, आई बायकांत कोळशाचे डबे भरायला जायची. मी तिथंच झालो, मला वरीस व्हायच्या आत इब्राहिम तापानं पडला. जंगलचा ताप लई वाईट. दोन महिने पडून हुता, आन् उठला तो नुसता हाडांचा सापळा. मग तो गावाकडं निघाला आन् जाताना बिल्ला बापाच्या हातावर ठेवला. म्हनला, सख्या, आजपास्नं तू इब्राहिम.

तुमाला खोटं वाटंल, पन हे तिथं लई चालायचं. मानूस जायचा, बिल्ला ऱ्हायचा, त्या बिल्ल्यावर दुसरा खाली उतरायचा. हाफिसाला आकडा मिळाल्याशी मतलब. बाप चार वर्षं इब्राहिम म्हनून जगला. हाक आली की जी म्हनायचा. दिवाळीला कामावर आन् ईदला सुट्टी. कारकून म्हनायचा इब्राहिम, आज तुमचा सन, घरी जा, आन् बाप घरी येऊन दिवसभर खाटेवर लोळायचा, आई त्याला म्हनायची, इब्राहिममियाँ, जरा लाकडं तरी फोडा. एकदा हैदराबादकडचा एक फोरमन त्याला नमाजाला घिऊनच निघाला, तर बाप म्हनला गुडघा दुखतोय. तो पुढं कॉलरी सुटेपर्यंत त्या फोरमनच्या समोर लंगडत चालायचा. हे सगळं मला बापानंच सांगितलंय, हसत हसत सांगायचा. पन आईचं सांगताना हसायचा न्हाई.

चव्वेचाळीस सालची गोष्ट. मी चार वर्षांचा. कॉलरीवर एक मिशनचा सायेब आन् त्याची मडम आली. नगरच्या बंगल्यात ऱ्हानारे, नगरकडची लई मानसं कॉलरीवर गेलेली म्हनून त्यांना बघायला आले. सायेबाकडं तीन पायांची लाकडी पेटी, फोटो काढायची. मडमेच्या हातात वही. लोक आधी लई भ्याले. कुनी म्हनलं त्या काचेत मानसाचं आयुष्य उतरतं, कुनी म्हनलं हे कंपनीनं धाडलेत, कोन किती काम करतो बघायला. बाप सांगायचा, सायेबानं पेटी चाकाकडं वळवली, डोक्यावर काळं फडकं घेतलं आन् म्हाताऱ्या मुकादमाला बोलावून फडक्यात डोकं घालायला लावलं. मुकादम बाहेर आला तो घामाघूम. म्हनला, अरं, आत सगळी कॉलरी हाय, पन उलटी, चाक खाली आन् मानसं वर लटकलेली, तरी पडत न्हाईत. मग काय, रांगच लागली फडक्यात डोकं घालायला. बापानं बी घातलं. मरेपर्यंत सांगायचा, सगळी कॉलरी एवढ्याशा काचेत मावली हुती.

चार दिवस त्यांनी फोटो काढले. शेवटच्या दिवशी मडमेनं डबे भरनाऱ्या बायकांना ओळीत उभं केलं, सात जनी. आन् त्यांना तोंड धुवायला सांगितलं, कारन कोळशानं तोंडं ओळखू येत न्हवती. सहा जनींनी धुतली. आईनं धुतलं न्हाई. बाप सांगायचा, तुझी आई म्हनली, कोळसा भरनाऱ्या बाईचा फोटो काढताय न्हवं, मग कोळसा ऱ्हाऊ द्या. अशी तुझी आई, कुनापुढं वाकली न्हाई. हे वाक्य मी जन्मभर छातीवर मिरवलं. लग्नात सांगितलं, भांडनात सांगितलं, कुनी मला हेकट म्हनलं तर म्हनायचो, माझ्या आईनं गोऱ्या मडमेचं ऐकलं न्हाई, मी तुझं ऐकनार व्हय.

पुढच्याच साली कॉलरीवर पटकी आली आन् आई एका दिवसात गेली. नदीकाठाला जाळली. बाप मला घिऊन निघाला तो खर्ड्याला न जाता थेट बेलापूरला आला, साखर कारखान्यावर लागला. म्हनायचा, तिच्या आईबापापुढं कोन्या तोंडानं जाऊ. इब्राहिमला बी पुन्यांदा भेटला न्हाई. मी मोठा झालो, विहिरींच्या कामाला लागलो, सुरुंगाच्या. बेलापूरपास्नं राहुरीपर्यंत जुन्या मानसांना इचारा, कातळ फुटत न्हाई म्हनलं की कुनाला बोलवायचे. मी खडकावर पहार मारून आवाजावरनं सांगायचो, खाली पानी हाय का न्हाई. दोनदाच चुकलो. दोन्ही येळेला मालकानं जागा बदलली हुती, माझी चूक न्हवती. पुढं पोरगा नगरला नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर लागला, म्हनून म्हातारपनी इथं आलो. दोन खोल्या हायेत, बरं हाय.

तर माघ महिना. माझी नात वैशाली, शाळेत शिकवती. ती पोरांना घिऊन नगरातल्या एका जुन्या मिशनच्या बंगल्यात गेल्ती, तिथं जुने फोटो लावलेत म्हनून. घरी आली आन् मोबाईल माझ्यापुढं धरला. म्हनली, आजोबा, तुमी सांगता ती कॉलरी अशीच हुती का. मी चष्मा लावला. ताई, काय सांगू तुमाला. त्या एवढ्याशा मोबाईलमधी चाक हुतं. तोच मनोरा, तेच चाक, खाली डब्यांची रांग. ऐंशी वर्षं ते फक्त माझ्या डोक्यात हुतं, मला बी कधी कधी वाटायचं की सपान असंल. आन् ते तिथं उभं.  म्हनलं, चल. ती म्हनली रविवारी जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी टोपी घातली, छत्री उचलली आन् दारात जाऊन उभा ऱ्हायलो. पाऊस न्हाई ऊन न्हाई, छत्री कशाला म्हनली. म्हनलं, छत्रीशिवाय मी कुठं गेलोय का आजवर. तिनं कपाळाला हात लावला आन् रिक्षा आनली.

बंगल्यात शांतवन मास्तर म्हनून हायेत. रिटायर झालेले, गळ्यात मफलर, बोलनं एकदम स्वच्छ. बंगल्यातल्या सगळ्या पेट्या तेच सांभाळतात. त्यांनी मला खुर्ची दिली आन् भिंतीवरचे फोटो एकेक करून दाखवले. मी काय बघितलं सांगू? पाळन्यात बसून खाली निघालेली मानसं, हातात दिवे, आन् एकाच्या बी तोंडावर भ्या न्हाई, सगळे असे बसलेले जसे बैलगाडीतनं जत्रेला निघालेत. बाजार बघितला, मीठ विकनारी बाई, तिच्या मिठाच्या ढिगाला कोळशाची पुटं. चाळीच्या दारात केस विंचरनाऱ्या पोरी. दोन वाघांची कातडी वाळत घातलेली आन् मधी एक शेळी निवांत उभी. मला प्रत्येक फोटोपुढं उभं ऱ्हावंसं वाटंना, बसावंसं वाटायचं, देवळात बसतो तसं. मनात म्हनायचो, त्या सायेबाला काय पडलं हुतं? कुठला कोन, समुद्रापलीकडचा, त्यानं ह्या काळ्या मानसांना एकेक करून काचेत धरून ठेवलं, आन् ज्यांनी त्यांच्याकडनं कोळसा काढून घेतला त्यांना ह्यांचं नाव बी ठाऊक न्हवतं.

मग आल्या ओळीतल्या सात बायका.

मी मोजलं. एक, दोन, तीन स्वच्छ तोंडाच्या. चौथीच्या कमरेवर पाटी, डोक्यावर चुंबळ, आन् तोंडाच्या जागी नुसतं काळं. जसं कुनी अंगठा टेकवलाय शाईचा. पाच, सहा, सात पुन्यांदा स्वच्छ.  मी म्हनलं, मास्तर, ही चौथी माझी आई.

मास्तरांनी फोटोखालचा कागद बघितला. म्हनले, बाबा, असं नाही. चौथी बाई इब्राहिमची बायको, खर्ड्याची. इथं लिहिलंय. आन् मागच्याच महिन्यात खर्ड्याहून इब्राहिमची मुलगी येऊन गेली, हमीदाबी. याची एक प्रत घेऊन गेली बिचारी, छातीशी धरून.

मी म्हनलं, अहो, इब्राहिम म्हंजे माझा बाप. मास्तर माझ्याकडं आन् माझ्या कपाळावरच्या बुक्क्याकडं बघायला लागले. मग मी बिल्ल्याचं सगळं सांगितलं. आन् हे बी सांगितलं की त्या बायकांनी नवऱ्याचं नाव घेतलं नसनार. मडम इचारत असंल तुझ्या नवऱ्याचं नाव काय, आन् सात जनी पदर दातात धरून उभ्या, कोन घेईल नाव? मग मडमेनं खोलीचे आकडे लिहून घेतले असनार आन् कारकुनाच्या रजिस्टरातनं नावं उतरवली. आकडा इब्राहिमचा, म्हनून बायको इब्राहिमची.

मास्तर म्हनले, बाबा, तुमचं ऐकायला पटतं. पण लिहिलेलं मी कसं खोडू? उद्या तिसरा कोणी येईल, म्हणेल ही माझी. तोंड तर दिसत नाही. काही पुरावा? मी म्हनलं पुरावा मी हाय. ते म्हनले तसं नाही चालत. मी म्हनलं मग मी इथनं उठत न्हाई. वैशाली हळूच म्हनली, आजोबा, लोक बघतायत. म्हनलं, बघू दे, फोटो बघायलाच आलेत. मास्तर शेजारच्या खोलीत जाऊन काम करायला लागले, मी खुर्चीत. चहा आला तो घेतला न्हाई. दुपार झाली. ते डबा खायला बसले, मला बोलावलं, मी गेलो न्हाई. शेवटी त्यांना काय वाटलं कोन जाने, येऊन माझ्यापुढं स्टुलावर बसले आन् म्हनले, बाबा, त्या दिवसाचं वडिलांनी आणखी काही सांगितलं होतं का तुम्हाला?

मी तोंड न धुतल्याचं सांगितलं. ते आधी मास्तरांना सांगायचं मला सुचलंच न्हवतं, मला वाटलं ते काळं तोंड बघून जगाला कळतंच.

मास्तर उठले. कपाटातनं एक वही आनली, मडमेची, पानं तपकिरी झालेली, इंग्रजी अक्षर मुंगीसारखं. बोट लावत लावत वाचत गेले. एका जागी बोट थांबलं. मास्तरांचा चेहराच बदलला. म्हनले, बाबा, इथं आहे. आन् मराठीत करून सावकाश वाचलं. मी ते तीनदा वाचायला लावलं, म्हनून मला पाठ हाय. मडमेनं लिहिलं हुतं: आज सात बायकांचा फोटो घेतला. नळाला पाणी नव्हते म्हणून आमच्या पिंपातले एकेक तांब्या पाणी प्रत्येकीला दिले. चौथीने तोंड धुतले नाही. ते पाणी तिने आपल्या कळशीत ओतले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, माझं तोंड उद्या पुन्हा काळंच होणार आहे, माझ्या मुलाला तीन दिवस आंघोळ नाही. फोटोत तिचा चेहरा येणार नाही असे वाटते.

ताई, बघा. बापानं काय सांगितलं हुतं आन् ती काय बोलली हुती. बाप कदाचित लांब उभा असंल, त्याला ऐकू आलं नसंल. न्हाईतर त्याला वाटलं असंल पोराला अशी आई सांगावी. मी ऐंशी वर्षं तिच्या ताठ मानेची गोष्ट सांगत हिंडलो, आन् ती तांब्याभर पान्याची गोष्ट हुती. त्या पान्यानं आंघोळ कुनाला घातली, तर मला. तिचे शब्द ऐकले मी. कुठं तरी गोरी बाई इंग्रजीत लिहिती, ते कपाटात बंद ऱ्हातं, आन् नगरच्या एका खोलीत मास्तर ते मराठीत आनतात आन् माझी आई बोलती. माझ्या कानाला तिचा आवाज ठाऊक न्हवता, तरी वाटलं ऐकला. वैशालीनं माझा हात धरला हुता ते मला लई येळानं कळलं.

मास्तर म्हनले, आता मी कागदावर दुरुस्ती करतो. मी म्हनलं, मला आधी काच बघायची. सायेबाची काच, जिच्यावर फोटो उतरला ती. ते बिचकले, म्हनले फुटेल. मी म्हनलं, मास्तर, ह्या हातांनी मी जन्मभर सुरुंगाची दारू ठासली, एक बोट कमी न्हाई. मग त्यांनी पेटीतनं, कागदाच्या पाकिटातनं, ती काच काढली. वहीच्या पानाएवढी. म्हनले, खिडकीकडे धरा, उजेडाकडे.

धरली. आन् जग उलटं झालं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. कोळशाचा ढीग म्हंजे बर्फासारखा लख्ख. आभाळ काळं. सहा धुतलेल्या बायकांची तोंडं काळी पडलेली, आन् ओळीत चौथी, एकटी, तिच्या तोंडातनं खिडकीतला सगळा उजेड आरपार येत हुता. मी हात जोडले असते, पन हातात काच हुती.

पन नाक डोळे तरी दिसंनात, नुसता उजेड. धरून धरून हात भरून आले. फुटायला नको म्हनून मी काच खाली घेतली आन् मांडीवर ठेवली. मांडीवर छत्री हुती, मिटलेली, काळ्या कापडाची. काच त्या कापडावर टेकली, मी जरा तिरकी केली, खिडकीचा उजेड बाजूनं आला, आन् ताई, फोटो सुलटा झाला. मी काय जादू करत न्हवतो. काचेतला जो भाग रिकामा वाटत हुता तिथं छत्रीचं काळं आलं, आन् जे बारीक पुसट काय त्या काचेवर बसलं हुतं ते त्या काळ्यावर राखेसारखं उमटलं. कागदावर जिथं अंगठ्याचा डाग हुता तिथं एक बाई माझ्याकडं बघत हुती.

मास्तर गुडघ्यावर बसले माझ्याशेजारी. बारीक आवाजात म्हनले, तीस वर्षं या पेट्या सांभाळतोय, हे मला कधी दिसलं नाही. मी म्हनलं, श्श. मला तिच्याशी एकट्यानं बसायचं हुतं. मग ते आन् वैशाली दाराशी जाऊन उभे ऱ्हायले. मी तिला बघितलं. किती येळ, ठाऊक न्हाई. जरा मान हालली की ती जायची, पुन्यांदा काच तिरकी केली की यायची. ती असंल चोवीस पंचवीसची. माझ्या नातीपेक्षा लहान. मला तिला आई म्हनायला जीभ रेटंना, असं वाटलं, पोरी, थकलीस का.

निघताना मास्तरांनी पेन काढलं. म्हनले, नाव सांगा, आईचं नाव लिहितो. चंद्रभागा म्हनलं. मग म्हनले, हमीदाबींना कळवावं लागेल, त्यांनी प्रत नेलीय अम्मीची म्हणून, मी फोन करतो. मी म्हनलं, फोन करू नका, माझी आई हाय, मी जाऊन सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं जामखेडला गेलो, तिथनं खर्ड्याच्या गाडीत बसलो. एकटा. पोरगा नको म्हनत हुता, त्याला म्हनलं तू लेथ सांभाळ. बाप मरेपर्यंत त्या गावात गेला न्हाई म्हनून ऐंशी वर्षांत मी बी गेलो न्हवतो. सगळ्या वाटंनं मी बोलायचं जुळवत हुतो, सरळ सांगायचं, बाई, चूक मडमेची हाय, तुमची न्हाई, पन फोटो माझ्या आईचा हाय. किल्ल्याच्या अंगाला उतरलो, इब्राहिमचं घर इचारलं. एका पोरीनं दार दाखवलं. हमीदाबी ओट्यावर गोधडी शिवत बसलेली, पंच्याहत्तरीची असंल, चष्म्याला दोरी. मी नाव सांगितलं, सखारामचा मारुती. तिच्या हातातली सुई तशीच थांबली. म्हनली, बसा भाऊ. आन् पाठीला उशी आनून दिली.

पानी दिलं, चहा दिला. मग आत गेली, लोखंडी पेटीतनं हिरव्या ओढणीत गुंडाळलेला फोटो आनला. म्हनली, भिंतीवर लावला न्हाई, त्या खोलीत नमाज पढतात, पोरगा नको म्हनला. रोज सकाळी काढून बघते. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं.

म्हनली, भाऊ, मला ठाऊक हाय ही अम्मी न्हवं. अम्मी लग्न होऊन आली तवा अब्बांना कॉलरी सोडून चार वरसं झाली हुती. मास्तर तिथं नाव वाचायला लागले, इब्राहिमची बायको, मी काय बोलले न्हाई. बोलले असते तर बिल्ल्याचं उघडं पडलं असतं, अब्बा सरकारी कागदात खोटे ठरले असते, असं वाटलं. आन् दुसरं म्हंजे मला ही पायजे हुती. अब्बा दोन महिने तापात पडून हुते, त्यांना शुद्ध न्हवती, तर ही बाई कामावरनं आल्या आल्या, हात धुवायच्या आधी, त्यांना पेज पाजायची. वाटीच्या कडेला काळं लागायचं. ती पुसायला गेली तर अब्बा म्हनायचे, ऱ्हाऊ दे वहिनी. मरेपर्यंत सांगायचे, चंद्रावहिनी नसती तर त्या जंगलात मला पुरलं असतं. मग सांगा, ती नसती तर मी कुठनं आले असते? तिला मी अम्मी म्हनले तर काय चुकलं?

माझं जुळवलेलं सगळं बोलनं गाडीतच ऱ्हायलं. मी म्हनलं, काय चुकलं न्हाई. तिला लेक न्हवती.

मग तिनं त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. म्हनली, अब्बा म्हनायचे लई हसरी हुती. पन ह्यात काय दिसत न्हाई बघा. तुमाला तरी ठाऊक असंल भाऊ, तुमी लेक तिचे. कशी दिसायची?

उभ्या जन्मात मला हे कुनी इचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. मी खर्ड्याच्या त्या ओट्यावर पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसलो, डोळे मिटले, आन् कपाळापास्नं सुरवात केली.